पत्रांचे बिऱ्हाड हलते तेव्हा

मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंडमध्ये २००० नंतरच्या दशकात हजारो कुटुंबे राहायला आली. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी रेल्वेरुळांलगतच्या झोपड्या हलवल्या, त्यांतली ही माणसे. सामान टेंपोतून एका दिवसात येते, पण टपाल? ते पुढेही काही दिवस जुन्याच पत्त्यावर जात राहते. ई-मेलचे बिऱ्हाड एका सर्व्हरवरून (म्हणजे पत्रे सांभाळणाऱ्या संगणकावरून) दुसऱ्यावर नेतानाही हीच अडचण येते. शिवाय आणखी एक येते, ती अधिक गमतीची. आधी तीच पाहू.

युनिक्स पद्धतीच्या जुन्या सर्व्हरवर एका माणसाची सगळी पत्रे एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक अशी असत. या रचनेला ‘एमबॉक्स’ म्हणतात. मग एक पत्र संपून दुसरे कोठे सुरू झाले, हे यंत्राने कसे ओळखायचे? खूण अशी: ओळीच्या आरंभी इंग्रजी ‘फ्रॉम’ हा शब्द व पुढे मोकळी जागा आली, की तेथून नवे पत्र.

आता समजा, कोणी पत्रातच ‘फ्रॉम मानखुर्द वुई टुक द ट्रेन’ असे इंग्रजी वाक्य नव्या ओळीवर लिहिले. यंत्राला अर्थ थोडाच कळतो! ते तेथे पत्राचे दोन तुकडे करील. म्हणून साठवतानाच अशा ओळीआधी ‘>’ हे चिन्ह जोडतात. पण ते चिन्ह यंत्राने जोडले की लेखकाने स्वतःच लिहिले होते, हे सर्वांत जुन्या पद्धतीत मागाहून सांगता येत नाही.

मराठी पत्रे मात्र या घोटाळ्यातून बहुधा सुटतात. युटीएफ-८ संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. पाठवताना पुष्कळदा दर ३ बाइटांची ४ साधी चिन्हे करतात. ही ‘बेस-६४’ पद्धत. ‘मानखुर्द’मध्ये काना, उकार, हलन्त धरून ८ चिन्हे, म्हणजे २४ बाइट, म्हणजे ३२ चिन्हे. त्यांत मोकळी जागा कधीच नसते, त्यामुळे ती फसवी ओळ बनूच शकत नाही.

१९९० नंतरच्या दशकात डॅनियल बर्नस्टाइन यांनी ‘मेलडिर’ रचना काढली. तीत प्रत्येक पत्राची फाइल वेगळी. पत्र आधी तात्पुरत्या कप्प्यात पूर्ण लिहून होते, मगच ‘नवे’ या कप्प्यात सरकते. मध्येच वीज गेली तरी अर्धवट पत्र तेथे येत नाही. पत्र वाचले की ते तिसऱ्या कप्प्यात जाते आणि फाइलच्या नावाअखेर ‘एस’ हे अक्षर लागते. एमबॉक्समध्ये हीच नोंद पत्राच्या मथळ्यात असते. रूपांतर करताना ती नोंद उचलली नाही, तर दहा वर्षांची वाचलेली पत्रे न वाचलेली दिसू लागतात!

आता पत्त्याकडे वळू. कोणाची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यायची, याची नोंद इंटरनेटच्या नामनोंदवहीत असते. ती आपण बदलली तरी इतर संगणकांनी जुनी टिपून ठेवलेली असते. टिपण किती काळ ग्राह्य, हे नोंदीतच सेकंदांत लिहितात. ८६,४०० म्हणजे पूर्ण एक दिवस. जाणते तंत्रज्ञ हा आकडा एक-दोन दिवस आधीच ३०० वर आणतात, मग पत्रे नव्या जागी उतरवून पत्ता बदलतात. मधल्या वेळात जुन्या जागी आलेले एखादे पत्र नोकरीचे बोलावणेही असू शकेल. म्हणून जुना सर्व्हर काही दिवस चालू ठेवून उरलेली पत्रे पुन्हा एकदा आणतात, आणि दोन्हीकडची संख्या कप्प्यागणिक मोजतात. ती जुळली की मगच जुने यंत्र बंद होते.