काडतुसापेक्षा फेरी महाग

भादव्यात माळ्यावरची अडगळ उतरवताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. आत सतरा काडतुसं. बारा जुनी, कागदी नळीची, खाऱ्या हवेनं फुगलेली, पितळी बुडावर हिरवट थर चढलेला. उरलेली पाच प्लॅस्टिकची, दिसायला बरी. वडील गेले तेव्हा बंदूक रीतसर ठाण्यात जमा केली होती. पुढे दादाच्या नावावर परवाना झाला, बंदूक घरी आली. डबा मात्र सगळेच विसरले. दादाच्या परवान्यावर या सतरांची कुठंच नोंद नव्हती, म्हणजे घरात असूनही ती आमची नव्हती. दादानं अर्ज लिहिला, डबा ठाण्यात देऊन पोच घेतली आणि नवीन काडतुसांसाठी मुंबईच्या एका दुकानाला फोन लावला. उत्तर आलं, "एलजी संपलीये. चार नंबर आहे, पण एका परवान्यावर दहाच मिळतील." (एलजी म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस; चार, आठ हे बारीक छऱ्यांचे नंबर.)

डहाणूच्या चिकूवाड्यांत आणि तलासरीकडच्या भातखाचरांच्या गावांत पीक संरक्षणाचा परवाना असलेली काही घरं अजून आहेत. बंदूक बहुधा बारा बोअरची, एकनळी नाहीतर दुनळी. हा हिशेब त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्याकडे परवाना नाही आणि डुकरांच्या त्रासानं जे आता अर्ज करायच्या विचारात आहेत, त्यांनी आधी शेवटचा भाग वाचावा.

टंचाई का आहे, ते थोडक्यात. परदेशी काडतुसं आणून विकायला खासगी व्यापाऱ्यांना १९८०च्या दशकापासून बंदी आहे. सवलत आहे ती नामवंत नेमबाजांना. देशी मालात आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं नाव 'शक्तिमान'. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. कारखाना १८६९चा, १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. लष्कराचा माल हे त्याचं मुख्य काम, वाडीवाल्यांची काडतुसं हे नव्हे. शिवाय दुकानदाराच्या परवान्यावरही साठ्याची मर्यादा लिहिलेली असते. त्यामुळे 'संपलीये' हे दरवेळी खोटं नसतं, आणि दरवेळी खरंही नसतं.

परवाना उघडून वाचा

आपल्याकडे परवान्याचं पुस्तक कपाटात असतं आणि ते नूतनीकरणाच्या वेळीच उघडतं. दुकानात जायच्या आधी त्यातल्या चार गोष्टी पाहा.

काडतुसांच्या रकान्यात दोन आकडे असतात, एका वेळी किती बाळगता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील. दुकानदार विक्रीची नोंद त्याच्या रजिस्टरमध्ये करतो, तशी तुमच्या परवान्यावरही करतो. घरी आठ शिल्लक असतील आणि मर्यादा पंचवीसची असेल, तर तुम्हाला सतराच घेता येतात. शिल्लक मोजून जा.

दुसरं, यूआयएन. राष्ट्रीय नोंदणीचा हा क्रमांक जुन्या, ठाणे जिल्ह्याच्या काळातल्या परवान्यांवर नसायचा. तो नसेल तर परवाना चालत नाही आणि दुकानदार बॉक्सला हात लावू देत नाही. हे काम आता पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचं आहे. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, कार्यालय कोळगावला आहे. ठाण्याला जाऊन परत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

तिसरं, मुदत. शस्त्र अधिनियमातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, पूर्वी तीनचा होता. पाच वर्षांत माणूस तारीख विसरतो. दोन महिने आधी अर्ज टाका. मुदत संपलेल्या परवान्यावर काडतूस मिळत नाही, इतकंच नव्हे, घरात असलेली बंदूकही बेकायदा होते. याच दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. आजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर आहे म्हणून ती मोजायची नाही असं नसतं.

चौथी गोष्ट खास आपल्या भागाची, क्षेत्र. तलासरीच्या माणसाचा बाजार वापी, उंबरगाव आणि सिल्वासा. कपडा, औषध, पंपाचे सुटे भाग, सगळं तिकडून येतं. काडतूस मात्र आच्छाडच्या नाक्यापलीकडून आणायचं नाही, जोवर तुमच्या परवान्यावर क्षेत्र म्हणून गुजरात किंवा संपूर्ण भारत लिहिलेलं नाही. दुकान अर्ध्या तासावर आहे हे न्यायालयाला सांगून उपयोग नाही.

आणि उसनवारी नाही. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तशी दोन काडतुसं आणायची पद्धत गावांत आहे. शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार एका परवानाधारकानं दुसऱ्याला स्वतःची काडतुसं द्यायची असतील, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याकडे परवानाच नसेल, तर शिक्षा किमान दोन वर्षं, कमाल पाच. दोन काडतुसांना दोन वर्षं!

हिशेब

काडतुसाचा भाव नंबराप्रमाणे, दुकानाप्रमाणे आणि टंचाईप्रमाणे हलतो. म्हणून फोनवर भाव विचारताना जीएसटी धरून की सोडून, हे त्याच दमात विचारा. पण खरा खर्च भावात नसतो, फेरीत असतो.

आकडे समजून चालू. एक काडतूस शंभराचं, आणि मुंबईची एक फेरी, म्हणजे भाडं, जेवण आणि बुडालेला दिवस मिळून आठशेची. डहाणू रोड ते चर्चगेट १२४ किलोमीटर. २०१३ पासून लोकल थेट येते म्हणून डहाणूकराचं बरं. तलासरी गावाला रेल्वेच नाही, तिथल्या माणसानं स्टेशन गाठण्याचा खर्च वेगळा धरावा. दहा काडतुसं आणली तर हजार अधिक आठशे, म्हणजे एक पडलं १८० ला. पंचवीस आणली तर तेहतीसशे, म्हणजे १३२ ला. आणि पहिल्या फेरीत 'उद्या या' ऐकून परत यावं लागलं, तर तीच दहा काडतुसं २६० ला एक. दुकानदारानं बॉक्समागे पन्नास रुपये जास्त घेतले म्हणून आपण महिनाभर कुरकुरतो. फुकट गेलेल्या फेरीबद्दल कोणी बोलत नाही.

तेव्हा जायच्या आधी फोन, आणि फोनवर भावाशिवाय तीन प्रश्न: कोणता नंबर, किती मिळतील, नळी किती मिलिमीटरची. परवान्याच्या पानांचे फोटो आधी पाठवता आले तर पाठवा. पानात काही खोट असेल तर ती घरबसल्या कळते. गावात दोघांचे परवाने असतील तर दोघांनी एकाच दिवशी एका गाडीनं जावं. एकानं दुसऱ्याचा परवाना घेऊन जाणं चालणार नाही.

तिसऱ्या प्रश्नावर जरा थांबतो, कारण टंचाईत माणूस नेमका इथं फसतो. बारा बोअरची काडतुसं मुख्यतः ६५ आणि ७० मिलिमीटर अशा दोन लांबींत येतात. ही लांबी वाजल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या जुन्या नळीत अगदी छान बसतं, बंदूक बंदही होते. पण बार काढताना घडी उलगडायला जागा मिळत नाही आणि नळीतला दाब वाढतो. दादाची दुनळी मोडून नळ्यांच्या खालच्या चपट्या बाजूवर टॉर्च मारला तेव्हा झिजलेला आकडा दिसला, ६५. दुकानात ७० होती. दुकानदार म्हणाला, "बसतं हो, सगळे हेच नेतात." दादा ती घेऊन येणारच होता. जुन्या बंदुकीवर २½ लिहिलेलं असेल तर ते इंचात आणि म्हणजे ६५ च. २¾ म्हणजे ७०. आकडाच दिसत नसेल तर परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या.

दुसरी फसवणूक ओळखीची आहे. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारतात, त्याला आपण लिंकिंग म्हणतो. इथंही तेच. एलजीचा बॉक्स हवा तर आठ नंबरचाही घ्या, नाहीतर साफसफाईचा संच घ्या. टंचाईत माणशी दहा देणं ही वाटणी झाली, ती समजून घेता येते. पण एक वस्तू देण्यासाठी दुसरी घ्यायला लावणं हे ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार निर्बंधक व्यापार पद्धतीत मोडतं. बिल मागा, दोन्ही वस्तू वेगळ्या लिहून घ्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. तक्रारीची नुसती तयारी दिसली तरी बऱ्याचदा साफसफाईचा संच शेल्फवर परत जातो.

आणलेली काडतुसं स्वयंपाकघराच्या माळ्यावर नकोत. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांत येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कुलपात आणि बंदुकीपासून वेगळी ठेवा. डब्यावर खरेदीची तारीख लिहा, जुनी आधी वापरा. तेल लावू नका. ते आत झिरपतं. ओलसर वाटली म्हणून उन्हात किंवा चुलीजवळ तर अजिबात ठेवू नका. आपल्या किनाऱ्यावर एक पावसाळा म्हणजे घाटावरचे तीन.

पंचांग निवडणुकीचं

आचारसंहिता लागली की परवान्याच्या बऱ्याच बंदुका जमा करायला लावतात. २०२४ चं वर्ष आठवा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, पालघरचं मतदान २० मेला, निकाल ४ जूनला. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, निकाल २३ नोव्हेंबरला. पहिले ८० दिवस, नंतरचे ३९. एका वर्षात चार महिने. त्यातला दुसरा तुकडा बरोबर भात कापणीचा आणि खळ्यावरच्या राखणीचा. बंदूक ठाण्यात असेल तर घरातल्या काडतुसांचा उपयोग शून्य. तेव्हा निवडणूक तोंडावर असेल तर खरेदी पुढं ढकला.

बंदूक सरसकट प्रत्येकाची जमा व्हावी असा नियम नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले, यांच्याकडं तिचं मुख्य लक्ष. पीक संरक्षणाची खरी गरज असेल तर नोटीस यायची वाट न पाहता कारणासह अर्ज द्या. मंजूर होईलच असं नाही, पण न दिलेला अर्ज कधीच मंजूर होत नाही.

जमा करायची झाली तर ठाण्यात द्या, नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडं. दुकानदार भाडं लावतो, ते महिन्याचं की हंगामाचं ते आधी ठरवा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, दस्त्यावरचे जुने ओरखडे आणि काडतुसांची नंबरनिहाय संख्या लिहून घ्या. 'बंदूक १, काडतुसे' एवढीच पावती घेऊन घरी आलेल्यानं परत नेताना किती होती हे कोणाला सांगायचं? निकालानंतर आठवड्याभरात मागायला जा. तिथं ओल आमच्या माळ्याइतकीच असते.

आणि बंदूक हवीच का?

पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. ही गल्लत इतकी जुनी आहे की परवाना असलेलेही तिच्यात सापडतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर ११व्या कलमाखाली वनखात्याची लेखी परवानगी घेऊनच त्याची पारध करता येते, आणि मेलेलं जनावर सरकारच्या मालकीचं असतं. माकडावर, घारीवर किंवा चिकू खाणाऱ्या वटवाघळांवर गोळी चालवायचा तर विषयच नाही. म्हणजे दादाची दुनळी वर्षातून बहुतेक वेळा आवाजासाठीच वाजते. शंभर रुपयांचा आवाज!

काहीजण मग एअरगन घेतात. ०.१७७ बोअरपर्यंत आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, ओळखपत्र लागतं. डुकराला तिचं काही वाटत नाही, पाखरांवर चालवली तर ती शिकार ठरते. वाडीसाठी हा पैसा वाया. पीव्हीसी पाइप आणि कार्बाइडची तोफ स्वस्त पडते म्हणून यूट्यूब बघून बनवू नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यापायी कितीतरी मुलांचे डोळे गेले. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडणं हा तर सरळ गुन्हा, आणि त्यात डुकराआधी माणूस सापडतो.

पैसे घालायचेच असतील तर सौर कुंपणाचा हिशेब करा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वनालगतच्या संवेदनशील गावांतल्या शेतकऱ्याला खर्चाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतलं जे कमी ते अनुदान मिळतं. वीस हजारांच्या संचाला पदरचे पाच हजार. चाळीस हजारांच्या संचालाही अनुदान पंधराच, पदरचे पंचवीस. म्हणून विक्रेता मोठा संच गळ्यात मारत असेल तर वीस हजारांच्या पुढचा प्रत्येक रुपया आपला, हे लक्षात ठेवा. गाव योजनेत बसतं का, हे डहाणू वनविभागाच्या तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा, नंतर दुकान. आणि कुंपणाखालचं गवत दर पंधरा दिवसांनी काढायला लागतं. गवत तारेला टेकलं की झटका मातीत जातो.

नुकसान झालंच तर वनखात्याकडं भरपाईचा अर्ज त्याच दिवशी द्या, सातबारा किंवा वनपट्ट्याची प्रत जोडून. पंचनामा होईपर्यंत उकरलेली जागा सारखी करू नका. खुरांच्या ठशाशेजारी काडेपेटी ठेवून सकाळी लवकर फोटो काढा. दुपारी ऊन तापलं की चिखल तडकतो आणि ठसा डुकराचा की गावच्या वासराचा, हे कोणालाच सांगता येत नाही.