हलतं-डुलतं करण्याआधी

बाळा, पोळी-भाजी केंद्राच्या वेबसाइटचं काम तू घेतलंस हे ऐकून बरं वाटलं. मालक आता म्हणेल, "पान रिकामं वाटतंय, जरा हलतं-डुलतं करा." डोंबिवलीच्या फडके रोडवर काय, ठाण्याच्या राम मारुती रोडवर काय, ही मागणी ठरलेलीच. लगेच नाही म्हणू नकोस, पण लगेच हो तर मुळीच म्हणू नकोस. आधी त्याचं गिऱ्हाईक कुठे उभं आहे ते बघ. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये एखाद्या बाईच्या एका हातात कडी, दुसऱ्यात फोन. रेंज येते-जाते. डोंबिवली यायच्या आत तिला एवढंच हवंय की आज भाजी कोणती आणि केंद्र किती वाजता बंद होतं. वेळ, भाजी, फोन नंबर हे पहिल्याच पडद्यावर, जागच्या जागी दिसू दे. तिथे काहीही सरकायला नको, फिरायला नको.

आमच्या पिढीने हा हव्यास पुरता भोगलाय. १९९६च्या अखेरीस मॅक्रोमीडियाने फ्युचरस्प्लॅश हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर विकत घेतलं, त्याचं 'फ्लॅश' झालं आणि प्रत्येक वेबसाइटला सिनेमासारखी नांदी लागली. लोक मात्र आल्या आल्या 'स्किप इंट्रो' शोधायचे. वेबसाइटच्या वापरसुलभतेचा जाणकार जेकब नील्सन याने २००० सालीच फ्लॅशचा नव्याण्णव टक्के वापर वाईट असल्याचं लिहिलं होतं, ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे २००७ साली आयफोन आला, त्यावर फ्लॅश कधी चाललंच नाही. फ्लॅश नंतर ज्यांच्याकडे गेलं त्या अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला. ज्यांनी दुकानाचा पत्तासुद्धा फ्लॅशमध्येच कोंडला होता, त्यांचं पान त्या दिवसानंतर कोरं झालं. म्हणून कामाची माहिती नेहमी साध्या मजकुरात ठेव. ॲनिमेशन बंद पडलं तरी ती वाचता आली पाहिजे.

आपोआप फिरणारा स्लायडर मागतील, तो टाळ. नोत्र दाम विद्यापीठाच्या वेबसाइटवर एरिक रनयन यांनी २०१३ साली मोजून पाहिलं. शंभरात जेमतेम एकाने स्लायडरवर क्लिक केलं, आणि त्यातलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर. सरकत्या पट्टीचंही तेच. एखाद्या शाळेने प्रवेशाची शेवटची तारीख तिच्यात टाकली, तर कुणाच्या तरी आईला पळत्या ओळीवर बोट टेकवायला लागतं. त्यात मराठी जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा. सरकती मराठी ओळ वाचणं डोळ्यांना जड जातं.

घोडबंदर रोडच्या एखाद्या बिल्डरचं काम आलं, तर ड्रोनचा व्हिडिओ आणि भराभर वाढणारे आकडे मागतील. आयुष्यभराची पुंजी घालणारा माणूस तिथे कार्पेट एरिया आणि महारेरा नोंदणी क्रमांक शोधत असतो. ते दोन्ही आधी, ठळक. व्हिडिओ हवाच असेल तर खाली, आणि दाबल्यावरच सुरू होणारा. लोकांचा डेटा त्यांना न विचारता खर्च करू नये.

आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आतल्या कानाचा त्रास असलेल्या माणसाला पडद्यावरच्या हालचालीने खरोखर चक्कर येते, मळमळतं. असे लोक फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सोय चालू ठेवतात. तुझ्या कोडने ती विचारलीच पाहिजे. सीएसएसमध्ये त्यासाठी 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन' आहे, चार ओळींचं काम. सुगमतेचा आंतरराष्ट्रीय दंडकही ठाऊक असू दे. इतर मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ हलणाऱ्या गोष्टीला थांबवायचं बटण हवं, आणि सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काहीही लखलखता कामा नये. लखलखाटाने अपस्माराचा झटका येऊ शकतो.

हालचाल मुळातच वाईट नाही. बोट टेकल्यावर बटण दबल्यासारखं दिसावं. पैसे जात असताना 'थांबा, काम चालू आहे' हे कळावं, नाहीतर माणूस घाबरून दोनदा दाबतो. गिऱ्हाइकाने काही केलं, त्याला उत्तर म्हणून जे हलतं ते ठेव, आणि पाव सेकंदात आटप. हलवायचं ते 'ट्रान्सफॉर्म' आणि 'ओपॅसिटी'नेच. रुंदी किंवा जागा बदलत राहिलीस, तर ब्राउझर दर चौकटीला पानाची मांडणी नव्याने करत बसतो आणि स्वस्त फोन अडखळतो.

मालकाला पटवायचं कसं? वाद घालू नकोस. दोन पानं बनव, एक त्याच्या मनासारखं, एक तुझ्या. दुकानातलं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, त्याच्याच घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर दोन्ही उघडून दे आणि म्हण, "काका, यातून आजची भाजी शोधून दाखवा." मग गप्प राहा. ॲनिमेशनचे वाचलेले पैसे त्याच्या थालीपिठाच्या चांगल्या फोटोंवर खर्च करायला सांग. आणि कोटेशनमध्ये आधीच लिहून ठेव: एका पडद्यावर एकच हलणारी गोष्ट, पुढच्या प्रत्येकीचे पैसे वेगळे.

रविवारपर्यंत पहिलं पान कर आणि लिंक पाठव. मी ते माझ्या जुन्या फोनवर, गाडीत उभ्याने उघडून बघेन.