पंप गेला म्हणे!

फ्लुइड पॉवरच्या व्हायव्हाला "पंप खराब झाला हे कसं ओळखाल?" असा प्रश्न आला होता. मी धडाधड पाच मुद्दे सांगितले आणि सर खूश झाले. पण गेल्या मे महिन्यात हाच प्रश्न अंबरनाथच्या एका नाल्यात गुडघाभर चिखलात उभा राहून सोडवायची वेळ आली, तेव्हा पाचपैकी एकही मुद्दा आठवेना.

माझा मामा बदलापूरला राहतो. त्याने कर्ज काढून एक जुना वीस टनी पोकलेन घेतला. (पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपल्याकडे मशिन कुठल्याही कंपनीचं असो, ते पोकलेनच!) पावसाळ्याआधीच्या नालेसफाईत वालधुनीला मिळणाऱ्या एका नाल्याचं काम त्याला मिळालं होतं. चौथ्याच दिवशी मशिनने दगा दिला. सकाळी झकास चालायचं, पण दुपारी बूम, बकेट, स्विंग, चेन सगळंच मेल्यासारखं मंद. मिस्त्रींनी तेलाच्या टाकीला हात लावला आणि निकाल दिला, "तेल गरम झालं की जोर जातो. पंप गेला. अडीच लाख धरा." कर्जाचा पहिला हप्ता अजून जायचा होता आणि पाऊस तीन आठवड्यांवर आला होता.

मिस्त्री चूक होते का?

नव्हते. त्यांचा तर्क पुस्तकाप्रमाणेच होता. या मशिनमध्ये व्हीजी 46 तेल असतं. 40 अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी 46 सेंटिस्टोक असते, 100 अंशांपर्यंत ती साधारण 7 वर येते. पंप झिजलेला असेल तर पातळ झालेलं तेल आतल्या आतच गळतं आणि जोर जातो. पण गरम झाल्यावर बदलणारी मशिनमधली एकमेव वस्तू तेल नाही. सोलेनॉइडची तांब्याची कॉइलसुद्धा तापते, आणि दर अंशाला तिचा रेझिस्टन्स सुमारे 0.4 टक्के वाढतो. म्हणजे लक्षण एक आणि कारणं दोन. एक हायड्रॉलिक, एक इलेक्ट्रिकल.

पहिला प्रश्न: सगळं की एकच?

स्पॅनर हातात घेण्याआधी हा प्रश्न विचारायचा.

1. एकच हालचाल बिघडली (उदा. फक्त बूम आपोआप खाली येतो), तर त्या सिलिंडरचं सील, त्याचा स्पूल किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह पाहायचा.
2. मशिन सरळ चालवताना एका बाजूला ओढतं. अशा मशिनमध्ये बहुधा दोन मुख्य पंप असतात आणि एकेका चेनला एकेक पंप तेल देतो. तेव्हा त्या बाजूचा पंप, त्याचा रेग्युलेटर किंवा ट्रॅव्हल मोटर पाहायची.
3. सगळंच मंद असेल तर दोन्ही पंप एकाच दिवशी जाण्यापेक्षा दोघांना सामाईक असलेली गोष्ट बिघडण्याची शक्यता जास्त. तेलाची पातळी, सक्शनचा जाळीफिल्टर, इंजिनचा जोर आणि पायलट लाइन.

आमची केस तिसरी. तेल, फिल्टर आणि इंजिनचे आरपीएम ठीक होते. राहिली पायलट लाइन. जॉयस्टिक मोठं तेल थेट हलवत नाही. सुमारे 40 बारचं पायलट तेल मुख्य व्हॉल्व्हचे स्पूल सरकवतं. सीटशेजारचा लॉक लिव्हर वर केला की एक सोलेनॉइड हे पायलट तेल बंद करतो, खाली केला की सोडतो.

आणि इथे ऑपरेटरदादांनी लाखमोलाची गोष्ट सांगितली, "चहा पिऊन आलो की मशिन रुसतं बघ." चहाला उतरताना ते लॉक लिव्हर वर करतात! पंपाला चहाशी काय देणंघेणं? पण सोलेनॉइडला आहे. एकदा ओढलेला सोलेनॉइड कमी करंटवरही धरून राहतो, पण नव्याने ओढायला जास्त करंट लागतो.

माझी चूक

मी ऐटीत मल्टिमीटर काढला, सोलेनॉइडचा कनेक्टर उपसला आणि त्यात प्रोब घातले. 27.5 व्होल्ट. (सिस्टिम 24 व्होल्टची, पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर एवढे देतो.) "मामा, इलेक्ट्रिकल ओके आहे," मी जाहीर केलं. मामाने निमूटपणे पंप उतरवायला क्रेनवाल्याला फोन लावला.

रात्री झोप येईना. कनेक्टर काढल्यावर सर्किटमध्ये लोडच नव्हता! मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे मध्ये कितीही गंज असला तरी व्होल्टेज पूर्णच दिसणार. ओहमचा नियम बारावीपासून पाठ, आणि मी नेमका तोच विसरलो. सकाळी सहाला मामाला फोन करून क्रेन थांबवली.

दुसरा दिवस: लोडवर मोजणी

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून गेजसाठी अडॅप्टर करून घेतला. बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, टाकीची हवा सोडून, जॉयस्टिक हलवून प्रेशर उतरवलं आणि मग दोन गेज लावले. दुपारी, चहानंतर, मशिन रुसल्यावर रीडिंग असं आलं: सोलेनॉइडच्या आधी 40 बार, नंतर 12 बार. म्हणजे पायलट पंप ठणठणीत, तेल पुढेच जात नव्हतं.

मग कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून सुया घालून मोजलं. कॉइलवर 18.5 व्होल्ट. कॉइलच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत 9 व्होल्ट! तिथे जवळजवळ शून्य हवं. आता हिशेब बघा. कॉइल थंड असताना 30 ओहम, तापल्यावर 37. करंट 18.5 भागिले 37, म्हणजे अर्धा अँपिअर. मग अर्थिंगमधला रेझिस्टन्स 9 भागिले 0.5, म्हणजे 18 ओहम. सकाळी थंड कॉइलला 0.57 अँपिअर मिळत होते, तेवढ्यावर काम भागत होतं. दुपारी 0.5 वर सोलेनॉइड अर्धवट ओढला जायचा.

सीटमागचा अर्थिंगचा बोल्ट खोलला तर हिरवा गंज. फ्यूज बॉक्समध्ये वाळलेल्या गाळाची पुसट रेघ. मशिन कधीतरी पाण्यात उभं होतं, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. 2005, 2019 आणि 2021 चा जुलै ज्या बदलापूरने पाहिला, तिथे जुनं मशिन घेताना फ्यूज बॉक्स आधी उघडून पाहायला हवा होता. उल्हासनगरच्या बाजारातून नवा लग आणि वायर आणली, जागा घासून पत्रा चकचकीत केला. अर्थिंगचा ड्रॉप 0.1 व्होल्ट, गेजवर 39 बार. खर्च शंभर रुपयांच्या आत.

दोन सूचना, अगदी गंभीरपणे

हायड्रॉलिक पाइपची बारीक गळती हाताने कधीही चाचपू नका. सुईसारखी धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. पुठ्ठा धरून पाहा, आणि तसं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. दुसरं, पायलटसाठी आणलेला 60 बारचा गेज मुख्य लाइनला लावू नका. तिथे साडेतीनशे बारच्या आसपास प्रेशर असतं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले, गेज पाहिला आणि म्हणाले, "हे लावायचं मला पण शिकव." मी शिकवलं. त्या बदल्यात त्यांनी मला पंपाच्या आवाजावरून सक्शनमध्ये शिरलेली हवा ओळखायला शिकवलं, जे कुठल्याच जर्नलमध्ये नाही.

मामाचं काम पहिल्या पावसाच्या दोन दिवस आधी संपलं. माझ्यापुरतं एवढंच शिकलो: खोलण्याआधी मोजा, आणि मोजाल ते लोडवर मोजा.