पाळी जाताना उमेद का जाते?

नेसरीच्या पंचक्रोशीत भातलावण, भांगलण, जनावरांच्या धारा असं सगळं वर्षानुवर्षं एकहाती ओढणारी बाई पंचेचाळिशीत ‘कशातच जीव लागत नाही’ म्हणू लागली, की घरचे तिला आळशी ठरवतात. खरं कारण बऱ्याचदा मेंदूत असतं. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47व्या वर्षी थांबते. त्याआधीची काही वर्षं ती मागंपुढं होते, आणि मनाला हाच काळ सर्वांत जड जातो. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन फक्त गर्भपिशवीपुरतं नसतं. मन स्थिर ठेवणारं सेरोटोनिन मेंदूत तयार होणं आणि टिकणं, यात त्याचा हात असतो. कामाला हात घालायची उमेद देणाऱ्या डोपामिनवरही त्याचा परिणाम होतो. या काळात इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, वरखाली होत राहतं, आणि काहींच्या मेंदूला ते सोसत नाही.

‘पाळी तर सगळ्यांचीच जाते, मग हिलाच का?’ हा प्रश्न रास्त आहे. 2015 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इस्ट्रोजेनच्या पट्ट्या लावलेल्या काही स्त्रियांना, त्यांना कळू न देता, बिनऔषधाच्या पट्ट्या दिल्या. पाळी जाताना पूर्वी नैराश्य आलेल्यांची लक्षणं परतली. ज्यांना ते कधीच आलं नव्हतं त्यांना काही झालं नाही. म्हणजे फरक मेंदूच्या संवेदनशीलतेत आहे, बाईच्या स्वभावात नाही. कर्ज, आजारपण, मुलांची लग्नं या काळज्या खोट्या नाहीत; पण या वयात रात्री येणाऱ्या घामानं झोपमोड झालेल्या मेंदूला त्याच काळज्या दुप्पट जड होतात.

तरीही सगळं हार्मोनवर ढकलू नका. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि या वयात अंगावरून जास्त जाऊ लागलं की ते आणखी घटतं. अशी मरगळ त्यानंही येते, म्हणून आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. ‘पिशवी काढली की सुटलो’ हा समज मात्र घातक आहे. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यानं मन सुधारत नाही. सोबत बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं आणि त्रास वाढतो. नैराश्यावर गोळ्या असतात, त्यांची नशा लागत नाही. हार्मोनचे उपचारही आहेत, पण स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना ते सहसा देत नाहीत, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नका. उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली तर डॉक्टरांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं.