तिथीची पाऊणपट

आषाढात कोकणच्या किनाऱ्यावर हिंडावयास जाऊ नये, असे घरच्या वडीलधाऱ्यांनी मला अनेकवार बजावले होते. परंतु पावसाळ्यातला समुद्र पाहिल्यावाचून समुद्र पाहिला असे म्हणूच नये, अशी एकदा ज्याने मनाची समजूत करून घेतली, त्याला वडीलधाऱ्यांचे बोल कोठून रुचणार? तीन वर्षांपूर्वीच्या आषाढ वद्य द्वितीयेस, सोमवारी सकाळी, मी सपत्नीक रत्नागिरीस उतरलो तो खिशात एक यादी घेऊन. थिबा राजवाडा, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग, मांडवीचा धक्का, भाट्ये. आणि प्रत्येक नावासमोर पुण्यास बसून, म्हणजे पावसाचा सल्ला न घेता, मांडलेली वेळ. त्या यादीपायी झालेल्या फजितीची ही हकीकत, त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांस उपयोगी पडेल म्हणून, नमूद करीत आहे.

पहिली ठेच राजवाड्याच्या फाटकाशीच लागली. राजवाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे, आणि सरकारी वस्तुसंग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते, हे शाळकरी पोरासही ठाऊक असते; मला ते फाटकाला लावलेल्या कुलपावरून पाणी ओघळताना पाहून आठवले. थिबा या ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून पुढल्या वर्षी येथे आणून ठेवले, त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा 1910 साली पुरा झाला, आणि 1916 च्या डिसेंबरात तो येथेच वारला. हिशेब केला तर नजरकैदेतले त्याचे एकतीस पावसाळे या गावात गेले. आणि मी मात्र एका सकाळच्या खोळंब्याने चिडून रिक्षावाल्यावर तोंड टाकीत होतो! रिक्षावाला शांतपणे म्हणाला, ''साहेब, स्टेशनवर विचारलं असतंत तर तिथंच सांगितलं असतं.'' हे मात्र खरे की मी विचारले नव्हते.

पतितपावन मंदिरात, यादीतल्या वेळेची भरपाई करावयाची म्हणून, आम्ही अर्धा तासही थांबलो नाही. सावरकर या जिल्ह्यात स्थानबद्ध असताना, भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने 1931 साली उभे राहिलेले आणि सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत मोकळे असलेले ते देवालय. बाहेर धो धो पाऊस आणि आत स्वस्थ बसावयास कोरडी फरशी. पावसाळी दिवशी जेथे थांबावे तेथून मी पळालो, आणि जेथे जाऊ नये त्या रत्नदुर्गावर गेलो.

तीन बाजूंनी समुद्र असलेल्या त्या किल्ल्यावर वारा कोणत्या दिशेने येतो हे सांगता येत नाही, कारण तो सगळीकडूनच येतो. छत्री पहिल्याच झोताला उलटी झाली. जांभ्या चिऱ्याच्या पायरीवर पावसाळ्यात शेवाळाचा जो पातळ, काळसर पापुद्रा धरतो तो ओल्या दगडाहून वेगळा ओळखू येत नाही. माझ्या गुळगुळीत तळव्याच्या चामडी बुटांनी त्यावर पाय ठेवला मात्र, आणि मी तीन पायऱ्या बसूनच उतरलो. चिऱ्याचा पृष्ठभाग सच्छिद्र आणि खरखरीत असल्यामुळे कोपराची साल किसणीवर निघावी तशी निघाली. तेव्हा चामडी बूट घरी ठेवून खाचांच्या तळव्याची रबरी पादत्राणे न्यावीत, छत्रीऐवजी अंगाबरोबरचा रेनकोट वापरावा, आणि वारा असेल तर किल्ल्यातल्या भगवतीचे दर्शन घेऊन तटाकडे न वळता माघारी यावे.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावले असते. परंतु यादीत 'दीड वाजता मांडवी' असे लिहिले होते. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा लाटा खालीच फुटत होत्या. पत्नीने छायाचित्र काढावे म्हणून मी समुद्राकडे पाठ करून कठड्याशी उभा राहिलो, आणि तिच्या चेहऱ्यावरचा भाव बदलल्याचे ध्यानात येते न येते तोच पाठीवर कोणी भिजलेल्या वाळूचे पोते आदळावे तसा तडाखा बसला. मी गुडघ्यांवर आलो. चष्मा गेला. पाणी परत फिरताना पायांखालून जी ओढ लागली, ती आठवली की अजून अंगावर काटा येतो.

टपरीवर चहा घेत असलेले एक वृद्ध खारवी आले, त्यांनी मला दंडाला धरून मागे आणले आणि विचारले, ''आज तिथी कोणती?'' मला सांगता येईना. ''द्वितीया. दोनाची पाऊणपट किती? दीड. दीडला पुरी भरती, वर पुनवेचं उधाण अजून उतरलेलं नाही. आणि तुम्ही नेमके दीडला पाठ करून उभे!''

हा हिशेब तेव्हापासून मी गाठीशी बांधला आहे. प्रतिपदेपासून तिथीचा जो आकडा, त्याची पाऊणपट केली की स्थूलमानाने पूर्ण भरतीची वेळ येते. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी, आणि ओहोटी दोहोंच्या मध्ये. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत वर चढते. किनाऱ्यावर जावयाचे ते ओहोटीच्या सुमारास, आणि आषाढात तेही दुरून.

जेवणाविषयी थोडेसे. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते हे विसरून मी एका खानावळीत ताज्या पापलेटाची फर्माईश केली, आणि बर्फात बरेच दिवस मुक्काम केलेले पापलेट पूर्ण दाम देऊन खाल्ले. शेजारच्या पानातला सोड्यांचा भात आणि टाकळ्याची भाजी पाहून पत्नी काही बोलली नाही. तिला बोलावयाची गरजही नव्हती.

मंगळवारी यादी खोलीवरच राहिली. सकाळपासून आम्ही राजवाड्यातच होतो: पाऊस आला की आत, लाकडी जिन्याने वर, अर्धवर्तुळाकार खिडक्यांशी, उघडीप झाली की बाहेर. दुपारी जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी पाहत उभे होतो. सकाळी उघडा पडलेला चिखलाचा पट्टा पार झाकून गेला होता आणि पाणी तुडुंब, निश्चल दिसत होते. मी घड्याळ पाहिले. तृतीया, सव्वादोन.

''उद्या संकष्टी,'' पत्नी म्हणाली.

''म्हणजे तीन,'' मी म्हणालो.