प्लंबर म्हणतो, घरावर लीन लावतो!

प्रश्न: ब्रॅम्प्टनच्या घराचं बेसमेंट करून घेतलं, कंत्राटदाराचं बिल पूर्ण चुकतं केलं. आता त्याचा प्लंबर पैसे बुडाले म्हणून घरावर लीन (थकलेल्या पैशांपोटी मालमत्तेवर कायदेशीर दावा) लावायला निघालाय. लावता येतं?

उत्तर: येतं. ऑन्टारिओत मालकाने अशाच दाव्यांसाठी बिलाची १० टक्के रक्कम राखून ठेवायची असते. ती तुम्ही देऊन बसलात. तुमची जबाबदारी सहसा तेवढ्यापुरतीच. जुलै २०१८ पासून लीन नोंदवायची मुदत ४५ऐवजी ६० दिवस झाली. ती सहसा कामाच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात, तेव्हा प्लंबरच्या कामाचा शेवटचा दिवस कोणता, हे मेसेज-फोटोंतून आधी शोधा. मुदत टळली असेल तर त्याने कंत्राटदाराला गाठावं. पुढच्या वेळी लक्षात ठेवा: २०१९पासून मालकाला कंत्राटदाराचं रीतसर बिल २८ दिवसांत फेडावं लागतं, पण राखीव रक्कम त्यात येत नाही. लीन नोंदलंच, तर वकील गाठा.