मोठ्या फायलीपाशी थबकणाऱ्या प्रोसेसविषयी



बंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यातील बोम्मसंद्र व जिगणीच्या कारखान्यांतून, तसेच लगतच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतून अखंड नोंदी निघत असतात. अशा नोंदी हाताळणारी सर्व्हरवरील प्रोसेस, म्हणजे चालू स्थितीतला प्रोग्राम, लहान फायली क्षणात उरकते आणि मोठ्या फायलीपाशी थबकते, तेव्हा ती बंद करून पुन्हा सुरू करण्याची घाई करू नये. कारण तेवढ्यापुरते काम मार्गी लागले, तरी प्रोसेस कशासाठी अडली होती याचा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो.

प्रोसेस खरोखर थांबली आहे की नुसती संथ झाली आहे, हे आधी ठरवावे. प्रोसेसर पूर्ण व्यग्र असून दुप्पट आकाराच्या फायलीस चौपट वेळ लागत असेल, तर प्रत्येक नोंदीसाठी मागच्या सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या जात असाव्यात. मेमरी भरून डिस्कवर सतत ये-जा चालू असेल, तर अख्खी फाइल एकदम उचलण्याऐवजी ती तुकड्यांनी वाचावी.

सर्वांत फसवी स्थिती म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क तिन्ही शांत असणे. ती अनेकदा अशी ओढवते: मुख्य प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामकडे काम सोपवतो आणि त्याचे उत्तर पाइपमधून, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या तात्पुरत्या साठ्यातून, घेतो. लिनक्समध्ये या साठ्याची क्षमता सहसा ६५,५३६ बाइट असते. उत्तर त्याहून मोठे झाले की लिहिणारा जागा रिकामी होण्याची वाट पाहतो, आणि लिहिणारा संपल्यावरच वाचायचे असे ठरवलेला मुख्य प्रोग्राम त्याच्या समाप्तीची वाट पाहतो. परस्परांच्या अशा कायमच्या प्रतीक्षेस डेडलॉक म्हणतात. कोणताही त्रुटिसंदेश उमटत नाही, आणि लहान नमुन्यांवरच्या चाचण्या सगळ्या उत्तीर्ण होत असल्याने संशय भलतीकडेच जातो. प्रोग्राम लिनक्सकडे काय मागत आहे ते दाखवणारे एसट्रेस हे साधन दोन्ही प्रोसेसना जोडले, की एक ‘राइट’वर आणि दुसरी ‘वेट’वर अडकलेली दिसते. यावर उपाय असा, की आधी पाइप रिता करत राहावा, त्रुटिसंदेशांचा वेगळा पाइप असल्यास तोही त्याच वेळी रिता करावा, आणि समाप्तीची वाट त्यानंतरच पाहावी.

थबकवणाऱ्या फायलीची प्रत, तीतील नावे व खातेक्रमांक बदलून परंतु आकार तोच राखून, कायमच्या चाचणीत ठेवावी.